'बेलफ्री'त आधी घंटा नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण मेणवलीच्या घाटावर अर्धं पान दिलंत. फोटो सुरेख होता. कृष्णेचं पाणी, पायऱ्या, मागे नाना फडणविसांच्या वाड्याचा तट, सगळं जागच्या जागी. मेणवलीचं कुणी कौतुक केलं की वाईच्या माणसाला घरचं कार्य नीट पार पडल्यासारखं वाटतं, तसं मलाही वाटलं. पण लेखाखालच्या पिवळ्या चौकटीनं घोटाळा केला. तिथं, घाटावरच्या चर्चच्या जुन्या घंटेच्या निमित्तानं, लिहिलं होतं की घंटा टांगायच्या बांधकामाला इंग्रजीत 'बेलफ्री' म्हणतात, आणि बेल म्हणजे घंटा, त्यावरून हा शब्द तयार झाला.

तसा तो झालेला नाही. ही चूक मी लांबून ओळखतो, कारण एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवताना ती मी स्वतः करत होतो.

१९८७ सालची गोष्ट. वाई तालुक्यातलं हायस्कूल, नववीचा वर्ग, धड्यात 'बेलफ्री' आला. मी फळ्यावर लिहिलं: चर्चचा घंटेचा मनोरा, बेल म्हणजे घंटा. मेणवलीहून सायकलवर येणारा एक मुलगा मागच्या बाकावर बसायचा, तो उठला. म्हणाला, "सर, बेल म्हणजे घंटा, कळलं. मग फ्री म्हणजे काय? फुकट?" वर्ग खो खो हसला. मीही हसलो. "शब्द तसाच असतो, पाठ कर, बस खाली," म्हणालो. तो बसला. हसला मात्र नाही. त्याच्या गावात खरोखरीची चर्चची घंटा टांगलेली, त्यामुळे त्याला त्या शब्दाची चौकशी करायचा माझ्यापेक्षा जास्त हक्क होता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या शाळेला घंटा नव्हतीच. रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा होता. कडुनिंबाच्या फांदीला तारेनं लटकवलेला, आणि शिपाईमामा त्यावर टोल द्यायचे. (आताच्या मुलांना टोल म्हटलं की आनेवाडीचा नाका आठवतो.) आम्ही त्या टोलावर 'तास' सुरू करायचो आणि संपवायचो. हा 'तास' शब्दही मुळात वेळेचा नाही. ठोके द्यायची जी धातूची थाळी, ती तास. ती वाजवून जी वेळ सांगायची, तिलाही पुढं तास म्हणू लागले. इंग्रजांच्या 'क्लॉक'चं असंच. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'क्लोक्का' म्हणजे घंटा. म्हणजे आपल्याकडं थाळीची वेळ झाली, त्यांच्याकडं घंटेचं घड्याळ झालं. बेलफ्रीत गाडी उलट्या दिशेनं गेली. तिथं घंटा शब्दात मागच्या दारानं आली.

हे मला निवृत्तीनंतर कळलं. विश्वकोशाच्या गावात राहण्याचा एक फायदा असा, की कुणा ना कुणा मित्राच्या कपाटात जाडजूड कोश सापडतो. जुलैतली झड लागलेली, बाहेर पडायची सोय नव्हती, दुसराच एक शब्द शोधताना पान उलटलं आणि बेलफ्री समोर आला. नोंद वाचून मी चष्मा काढला, पुसला, परत वाचली.

इंग्रजीत हा शब्द आला तो इसवी सन १३०० च्या सुमारास, जुन्या फ्रेंचमधून. तेव्हाचं रूप 'बेरफ्रे'. पहिल्या अक्षरापुढं 'ल' नाही, 'र' आहे. आणि अर्थ? चर्च नाही, घंटा नाही. किल्ल्याला वेढा घालताना तटाशी ढकलत न्यायचा लाकडी मनोरा. तटाएवढा उंच, खाली चाकं, आत तिरंदाज. १३४५ मध्ये इंग्रजांनी फ्रान्समधल्या ला रेओल या गावाला वेढा घातला, त्याचं वर्णन त्या काळच्या एका फ्रेंच बखरकारानं करून ठेवलंय. दोन मनोरे, प्रत्येक तीन मजली, प्रत्येकाला चार चाकं, आणि गावाकडच्या अंगाला कातडं चढवलेलं, म्हणजे वरून पेटतं काही टाकलं तरी लाकूड धरू नये. हे ते बेलफ्री. रविवारच्या प्रार्थनेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

आम्हा सातारा जिल्ह्यातल्या लोकांना वेढा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. औरंगजेब डिसेंबर १६९९ मध्ये अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला येऊन बसला आणि किल्ला हाती यायला एप्रिल १७०० उजाडलं. आत किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. मोगलांनी लावलेल्या सुरुंगानं तट उडाला तो बाहेरच्या बाजूला, थेट मोगलांच्याच अंगावर. मोर्चे, सुरुंग, दमदमे हे शब्द आपल्या इतिहासात पदोपदी येतात. दमदमा म्हणजे तटाच्या उंचीला पोचण्यासाठी समोर रचलेला उंचवटा, त्यावर तोफा चढवायच्या. आमचा दमदमा जागेवर बसून असायचा, त्यांचा बेरफ्रे चाकांवर चालायचा. नातं चुलत, पण घराणं एकच.

आता त्या मुलाचा प्रश्न. फ्री म्हणजे काय?

फ्रेंचांनी हा शब्द जर्मन वळणाच्या भाषेतून उचलला होता. त्यात दोन तुकडे आहेत. पहिला 'बेर्गान', म्हणजे राखणं, आडोसा देणं. दुसरा 'फ्रिथ', म्हणजे शांतता, अभय. दोन्ही मिळून अर्थ निघतो तो 'अभयाचा आसरा', 'सुरक्षित जागा'. पहिल्या तुकड्याची भावंडं इंग्रजीत पुष्कळ आहेत. मुंबईची हार्बर लाइन घ्या. त्या 'हार्बर'चा उत्तरार्ध हाच, आणि पूर्वार्ध सैन्याचा: सैन्यानं उतरायचा आसरा. वडाळ्याला गर्दीत चेंगरताना आसरा हा अर्थ आठवणं अवघड आहे, पण तो आहे. दुसरा तुकडा माणसांच्या नावांत राहिला: फ्रेडरिक, गॉडफ्री, सिगफ्रीड. या सगळ्यांच्या नावात शांतता आहे. वागणुकीत होती की नाही, तो इतिहासाच्या शिक्षकांचा प्रांत.

आता आसऱ्याला वेढ्याचं यंत्र का म्हणायचं? कारण तो आसराच होता, फक्त हल्ला करणाऱ्यांचा. वरून बाण, दगड, जळतं तेल येत असताना आतल्या माणसाला तो मनोरा म्हणजे अभयच. शत्रूच्या दृष्टीनं अभय म्हणजे आपल्या दृष्टीनं संकट, हे शब्दांतही कसं चपखल बसतं बघा. जर्मन भाषेत त्याच शब्दाचं 'बेर्गफ्रीड' हे रूप किल्ल्यातल्या मुख्य बुरुजासाठी वापरतात, आणि तो तर बचावाचाच.

पुढं चाकं गळाली. मनोरा उभा राहिला तिथंच राहिला आणि टेहळणीचा झाला. उत्तर फ्रान्स आणि आजचं बेल्जियम या पट्ट्यात व्यापारी गावांनी आपापले उंच मनोरे बांधले. ते चर्चचे नव्हते, राजाचेही नव्हते, गावाचे होते. गावाच्या सनदा तिथं कुलूपबंद ठेवायच्या, वर पहारेकरी बसवायचा, आणि पहारेकऱ्यापाशी घंटा. आग लागली, शत्रू दिसला, वेशी बंद करायची वेळ झाली, की घंटा. बेल्जियममधल्या ब्रूज गावाचा असा मनोरा ८३ मीटर उंच आहे, वर जायला ३६६ पायऱ्या आहेत. युनेस्कोनं बेल्जियममधले हे मनोरे १९९९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले, २००५ मध्ये फ्रान्समधले त्यात मिळवले. आता एकूण ५६ आहेत. शब्दात घंटा शिरली ती इथून: पहारेकऱ्याच्या हातातून.

रात्रीच्या घंटेचं एक सांगतो, मग पुढं जातो. संध्याकाळी घंटा झाली की घरोघर चुलीतला विस्तव झाकायचा, नाहीतर लाकडी घरांचं गाव एका ठिणगीत जायचं. 'विस्तव झाका'ला जुन्या फ्रेंचमध्ये जे म्हणत, त्याचंच इंग्रजीत 'कर्फ्यू' झालं. १९९२ च्या डिसेंबरात जे मुंबईत होते त्यांनी कर्फ्यू पाहिला. तो शब्द चुलीवरून आलाय हे सांगितलं तर त्यांना खोटं वाटेल. माझी आजी रात्री निखाऱ्यावर राख ओढायची. तोही कर्फ्यूच.

तर, इंग्लंडात हा शब्द गेला तेव्हा गावाची मोठी घंटा म्हणजे बहुतेक ठिकाणी चर्चचीच घंटा. तिथं शब्दानं दोन कोलांट्या मारल्या, आणि दोन्ही पंधराव्या शतकात दिसतात. एक म्हणजे अर्थ घंटेच्या मनोऱ्यावर येऊन बसला. दुसरी जिभेची. 'बेरफ्रे' असं भराभर पाच वेळा म्हणून बघा. दोन 'र' जवळ जवळ आले की जीभ एकाला बाजूला सारते आणि तिथं 'ल' येतो. लॅटिनमध्ये परक्या मुलुखातून आलेल्या माणसाला 'पेरेग्रिनुस' म्हणत, त्याचंच इंग्रजीत 'पिलग्रिम', म्हणजे यात्रेकरू, झालं. तिथंही पहिल्या 'र'चा 'ल'. आपल्याकडं वेगळ्या अक्षरांशी असाच खेळ चालतो. नंबरला खेड्यात 'लंबर' म्हणतात ते अडाणीपणानं नव्हे. जिभेला तो रस्ता सोपा पडतो.

पण नुसत्या जिभेनं एवढं रुजलं नसतं. 'बेल' ऐकू आल्यावर इंग्रज कान सुखावला. मनोऱ्यात घंटा, शब्दातही घंटा. मग ते मूळचं असणारच! पुरावा हवा असेल तर फ्रेंचांकडं बघा. त्यांच्या भाषेत घंटेला 'क्लोश' म्हणतात. 'बेल' या आवाजात त्यांना घंटा ऐकू येत नाही. त्यांच्याकडं हा शब्द आजही 'बेफ्रवा' आहे, 'ल' नसलेला. आणि चर्चच्या घंटेच्या मनोऱ्याला ते बेफ्रवा म्हणत नाहीत, 'क्लोशे' म्हणतात. बेफ्रवा गावाचा, क्लोशे चर्चचा. गफलत झाली ती इंग्रजांची, आणि त्यांच्याकडून शिकलेल्या माझ्यासारख्यांची.

आपण काही निराळे नाही. माझी सासुरवाडी सांगलीची. तिथं मेहुणे पहिल्या भेटीपासून सांगत आले आहेत की सहा गल्ल्या होत्या म्हणून सांगली. गल्ल्या कुणी मोजल्या विचारलं की चहा येतो. साताऱ्याचंही तेच, सात डोंगर की सतरा दरवाजे यावर एसटी स्टँडवर वाद घालणारे मी पाहिलेत. एकदा पुण्यात एका सुशिक्षित गृहस्थांनी मला पटवून दिलं होतं की खडकीला साहेब 'किरकी' म्हणायचा तो स्कॉटिश 'कर्क'वरून. स्कॉटलंडमध्ये चर्चला कर्क म्हणतात हे खरं, आणि चर्च व कर्क हे दोन्ही एकाच ग्रीक शब्दाचे वंशज, 'प्रभूचं' या अर्थाच्या, हेही खरं. पण खडकी ती खडकीच. साहेबाला 'ख' आणि 'ड' जमला नाही, एवढंच.

आता मेणवली. आपल्या लेखात घंटेची माहिती बरोबर आहे: १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत आल्या, त्यांतली ही एक. बाळ येशूला घेतलेली मेरी तिच्यावर उठावात आहे आणि १७०७ हे साल आहे. पण एक गोष्ट लेखातून निसटली. माझी आई घाटावर गेली की त्या चित्राला हात लावून नमस्कार करायची आणि म्हणायची, यशोदा आणि बाळकृष्ण. मी कॉलेजात गेल्यावर शहाणपणानं तिला दुरुस्त केलं. ती म्हणाली, "असेल. पण मांडीवर पोर आहे ना?" इंग्रजांच्या कानानं बेरफ्रेचं जे केलं, तेच माझ्या आईच्या डोळ्यानं मेरीचं केलं होतं. तिला मी दुरुस्त केलं याचं मला आता जरा वाईट वाटतं. कोशातल्या चुका दुरुस्त कराव्यात. आईच्या नमस्काराला हात घालायची गरज नव्हती.

आणि मौज अशी, की मेणवलीच्या त्या घंटेला 'बेलफ्री' हा शब्द लावायचाच झाला तर तो मूळ अर्थानं जास्त शोभतो. वसईचा वेढा, तटाखाली लावलेले सुरुंग, उडालेले बुरूज, आणि त्या वेढ्यातून उतरलेली घंटा. वेढ्यात मिळालेल्या वस्तूच्या घराला वेढ्याच्या यंत्राचं नाव! उलट ज्यांच्या चर्चमधून ती आली त्या पोर्तुगिजांचा शब्द अगदी सरळ आहे. त्यांच्याकडं घंटेच्या मनोऱ्याला 'कांपानारिओ' म्हणतात, आणि लॅटिनमध्ये 'कांपाना' म्हणजे घंटा. तिथं घंटा शब्दात पहिल्यापासून आहे. म्हणजे चौकट लिहिणाऱ्यानं फक्त भाषा बदलली असती, तर वाक्य बरोबर ठरलं असतं.

आपण म्हणाल, एवढ्याशा चौकटीसाठी केवढं पत्र. पण छापलेलं वाक्य कुठवर जातं ते मी याच आठवड्यात पाहिलं. बुधवारी पाहुण्यांना घेऊन घाटावर गेलो होतो. पुण्याच्या एका कुटुंबाला एक तरुण पोरगा माहिती सांगत होता, हातात मोबाइल, त्यावर आपल्या चौकटीचा फोटो. म्हणाला, "याला इंग्लिशमधी बेल-फ्री म्हणत्यात. का? तर ही बेल कुणीबी वाजवावी, फ्री हाय." त्या कुटुंबातल्या लहान मुलीनं लगेच लोलकाची दोरी ओढली. आवाज पाण्यावरून पार पलीकडच्या उसापर्यंत गेला. पोरगा हुशार आहे, बोलायला गोड आहे, आणि त्याचं पोट त्यावर आहे. त्याला तिथंच अडवणं मला बरं दिसेना. घाटावरून परत येताना मात्र ठरवलं की संपादकांना लिहायचं.

तेव्हा विनंती अशी. एक, येत्या पुरवणीत दोन ओळींची दुरुस्ती छापावी. दुसरी, मेणवलीच्या त्या दगडी चौकटीला बेलफ्री, घंटाघर, टॉवर असलं काहीच म्हणू नये. गावात तिला 'घंटेची जागा' म्हणतात, आणि ते पुरेसं आहे. शब्दकोशातल्या बेरफ्रेलाही तेच म्हणायचं होतं, 'जागा', फक्त सुरक्षित. इंग्लंडच्या लिंकनशर भागात तर हा शब्द काटक्या आणि पेंढा घालून केलेल्या गुरांच्या खोपटाला वापरत असत. ना घंटा, ना चर्च. नुसता आडोसा. आपल्याकडं उसाच्या फडात कोपी घालतात, तसा. तिथल्या शेतकऱ्यानं व्याकरण न शिकता मूळ अर्थ सांभाळून ठेवला होता, आणि मी एम.ए. करून घालवला.

आणखी एक. १९८७ साली नववीत असलेला, मेणवलीहून सायकलवर येणारा तो मुलगा आता पन्नाशी ओलांडून गेला असेल. पुण्यामुंबईत असेल किंवा गावातच असेल. आपला अंक वाईत सकाळी साडेसहाला येतो आणि दहाच्या आत संपतो, म्हणून आशा आहे. त्याला कळवायचं आहे की फ्री म्हणजे फुकट नव्हे, फ्रिथ. शांतता. त्या दिवशी बस खाली म्हणालो ते परत घेतो. उभा राहा, आणि अजून काही विचारायचं असेल तर विचार.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक
वाई, जि. सातारा